मानाचं कार्ड

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला काम सांगता येत नाही. त्याला बोलावणं करावं लागतं. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी इथे तळ दिला, त्याचंच पुढे लष्कर नावाचं गाव झालं. तंबू उठून दोनशे वर्षं झाली, पण कोणी कोणाच्या उजवीकडे बसायचं हा प्रश्न अजून उठलेला नाही. अशा गावातल्या आमच्या गणेशोत्सव समितीला माझ्या भाचीने कामं वाटून द्यायला ट्रेलोचा ऑनलाइन बोर्ड करून दिला. ती पुण्याला आयटीत आहे. तिच्या मते बोर्डावर सगळे सारखे.

प्रत्येक कामाचं एक कार्ड, आणि काम पुढे जाईल तसं ते डावीकडून उजवीकडे सरकत जातं, हे तिने समजावून सांगितलं. नया बाजारच्या काकूंना लगेच कळलं. "म्हणजे जयविलासमधली चांदीची आगगाडी!" शिंद्यांच्या राजवाड्यातली ती गाडी जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांपुढून फिरायची आणि कोणी बाटली उचलली की थांबायची. आमच्याकडे उलट झालं. कोणी काही उचलेना, म्हणून गाडी जागची हलेना.

पहिलं कार्ड मांडवाचं. भाचीने त्यावर जनकगंजच्या आप्पांचं नाव टाकलं. आप्पा अठ्ठ्याहत्तरचे, पणजोबा दरबारी पागेत. त्यांच्या मोबाइलवर निरोप गेला की, हे काम तुम्हाला नेमून दिलं आहे. मला लगेच फोन. "भाई, आमच्या घरात आजपर्यंत कोणी ऑर्डर नाही दिली. पणजोबांना महाराजसुद्धा 'जरा बघता का' म्हणायचे." पुढे मुदत टळली आणि तारीख लाल झाली. मग तर विचारूच नका. "माझं नाव लालमध्ये? मी काय वीजबिल थकवलंय?"

सभेची वेळ ठरवायला ग्रुपवर पोल टाकला. चार वेळा दिल्या होत्या. प्रत्येकाने चारही वेळांवर खूण केली, कारण एखादी सोडली तर ती सुचवणाऱ्याला काय वाटेल? चारही वेळांना पूर्ण बहुमत मिळालं आणि सभेला मी आणि सतरंज्या घालणारा पोऱ्या. "येतो म्हटलं होतं," काकू नंतर म्हणाल्या, "कधी, ते कुठे म्हटलं होतं?"

खरा हाहाकार गुगल शीटने केला. निमंत्रणपत्रिकेवरची नावं त्यात मानाच्या क्रमाने लिहिली होती. तो क्रम लावायला तीन बैठका आणि बहादुराचे लाडू लागले होते. एका दुपारी कोणीतरी कसलंसं बटण दाबलं आणि यादी अकारविल्हे लागली. अध्यक्ष 'व'पाशी तळाला गेले, आचारी वर आला, आणि एकमेकांशी बोलत नसलेले दोन चुलतभाऊ एकाखाली एक येऊन बसले. हा घातपात सराफ्यातल्या मंडळींचा, यावर एकमत झालं. (एकमत झालेला हा यंदाचा पहिला विषय.) भाचीने शीटचा इतिहास उघडला. दुपारी २.१४, खुद्द अध्यक्षांचं नाव. तो विषय तिथेच संपला.

बोर्डावर मात्र 'शून्य टक्के पूर्ण' ही पाटी कायम होती. शून्याचा आम्हाला अभिमानच आहे म्हणा. किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा शिलालेख आहे, त्यातलं गोल शून्य पाहायला जगभरातून गणितज्ञ येतात. पण तो लेख नीट वाचला तर आहे काय? फुलबागेसाठी २७० हात लांब, १८७ हात रुंद जमीन, आणि देवाला रोज ५० माळा. काम, माप, रोजचा हिशोब, सगळं दगडावर. एडिट करायची सोय कोणालाच नाही. आमच्या समितीला हेच सॉफ्टवेअर झेपलं असतं.

शेवटी भाचीने आप्पांना बोर्डावर 'ऑब्झर्व्हर' करून टाकलं. सगळं दिसणार, हात कशालाच लावता येणार नाही. हे त्यांना सांगायला मी भीत भीत गेलो. आप्पा खुलले. "म्हणजे देखरेख! मग हे आधी नाही का सांगायचं?"

संध्याकाळपर्यंत बातमी लष्करभर झाली आणि तीच जहागीर मागणारे फोन सुरू झाले. काकूंना ती हवी होती; अध्यक्षांना तर हक्काने हवी होती. आता देखरेखीला सगळी समिती आहे आणि मांडवाचं कार्ड माझ्या नावावर. रोज सकाळी सातला आप्पांचा फोन येतो, "कार्ड अजून तिथेच दिसतंय, भाई. जरा बघता का?"