बॅटरीची मिसल

महसूल खात्यात तेहेतीस वर्षे काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एक व्याधी हटकून जडते, आणि ती म्हणजे कोणतीही साधी गोष्ट साधेपणाने करता न येणे. खुर्ची सुटते, टिपणी सुटत नाही. त्यामुळे गेल्या वैशाखात आमच्या बारा वर्षांच्या मोटारीने ऐन मुहूर्ताच्या वेळी, सेल्फ मारताच, ‘टक्’ एवढा एकच उद्गार काढून मौन धारण केले, तेव्हा दुसऱ्या एखाद्या गृहस्थाने मुकाट्याने दुकानात जाऊन नवी बॅटरी आणली असती. मी मिसल उघडली.

प्रसंग भाचीच्या लग्नाचा, स्थळ सोलापूर, आणि पारा 42 अंशांवर. पैठणी नेसून मागच्या आसनावर स्थानापन्न झालेल्या सौभाग्यवतींसकट ती मोटार ढकलण्याची कामगिरी चार शेजाऱ्यांनी आणि एका दूधवाल्याने पार पाडली. ‘काका, दुसरा गिअर टाका!’ असा एकमुखी घोष झाला, आणि गाडी एक आचका देऊन सुरू झाली. परंतु कार्यालयाच्या दारी पोहोचल्यावर इंजिन बंद करण्याची छाती मला होईना; सबब अक्षता पडेपर्यंत ते धडधडते ठेवून मी गाडीतच बसून राहिलो, आणि सख्ख्या भाचीची मंगलाष्टके लाउडस्पीकरवरून ऐकली.

दुसऱ्या दिवशी सात रस्त्यापाशी असलेल्या एका बॅटरीवाल्याकडून पंचनामा झाला. टर्मिनलांवर चढलेला पांढरट-हिरवट थर त्याने उकळत्या पाण्याची धार सोडून उतरवला, सहाही झाकणे फिरवून काढली, आणि रबरी फुगा लावलेली काचेची नळी एकेका सेलमध्ये बुडवून तो आतले अ‍ॅसिड ओढू लागला. नळीतली तरंगी पहिल्या पाच सेलांत थोडीबहुत वर उचलली गेली. सहाव्यात मात्र ती तळाला जाऊन बसली. ‘एक सेल गेला, काका. पाणी कधी टाकलं होतं?’ त्याने विचारले. तेहेतीस वर्षे इतरांना ‘मुदतीत का केले नाही’ असा जाब पुसणाऱ्या मला त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. पाण्याबाहेर उघड्या पडलेल्या त्या काळवंडलेल्या पट्ट्या मात्र माझ्या गैरसावधपणाविरुद्ध बिनतक्रार साक्ष देत होत्या.

लग्नासाठी पुण्याहून आलेल्या भाच्याने या मामल्यात स्वतःहून वकीलपत्र दाखल केले. ‘मामा, एजीएम घ्या. पाणी नाही, सांडणं नाही, डोक्याला ताप नाही.’ त्याच्या पक्षाची कैफियत मी सविस्तर लिहून घेतली, आणि न्यायासनाला शोभावे म्हणून मूळ कुळाचा शोधही घेतला. तो असा, की 1859 साली गास्ताँ प्लाँते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापडाचा अंतरपाट धरून, गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवले. पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी ती. पुढे पट्ट्या सुधारल्या, डबी सुधारली, पण शिसे आणि अ‍ॅसिड यांचा हा संसार आजतागायत तोच आहे. साध्या बॅटरीत अ‍ॅसिड पट्ट्यांभोवती मोकळे खेळते. एजीएममध्ये तो अंतरपाटच अतिसूक्ष्म काचतंतूंच्या चटईचा केलेला असून सगळे अ‍ॅसिड त्यात मुरवलेले असते. म्हणजे भांडण दोन कुळांचे नव्हे, एकाच घरातल्या भावांचे होते, आणि अशा तंट्यांचा निवाडा अवघड असतो हे महसूल खात्यातल्या माणसाला कोणी सांगायला नको.

भाच्याच्या अशिलाची बाजू भक्कम होती. चार्ज होताना बॅटरीतल्या पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू आणि हायड्रोजन सुटतात. साध्या बॅटरीत ते झाकणावाटे निसटतात आणि पाणी घटते, उलट एजीएममध्ये प्राणवायू चटईतूनच ऋण पट्ट्यांकडे जाऊन त्याचे पुन्हा पाणी होते, त्यामुळे वरून भर घालण्याचा प्रश्न उरत नाही. ती कलंडली तरी सांडत नाही, खड्ड्यांचे हादरे निमूट सोसते, भराभर चार्ज होते. आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद पडून हिरव्या दिव्याला पुन्हा सुरू होणाऱ्या ज्या नव्या मोटारी निघाल्या आहेत, त्यांना दिवसातून पन्नास वेळा सेल्फ मारण्यासाठी अशी दणकट प्रकृतीच लागते.

उलटतपासणीत मात्र काही गोष्टी बाहेर आल्या. किंमत जवळजवळ दुप्पट. उष्मा सोसण्याची ताकद बेताची, इतकी की कित्येक परदेशी मोटारींत तिला इंजिनाशेजारची जागा न देता डिकीत किंवा आसनाखाली सावलीत ठेवतात. आमच्या मोटारीत तशी सोय नव्हती, आणि सोलापूरच्या वैशाखात बॉनेटखाली काय शिजत असेल याची कल्पना करायला भाच्याची पदवी लागत नाही. शिवाय चार्जिंगचा दाब मर्यादेबाहेर गेला, तर झडप उघडून जो वायू जातो तो कायमचा जातो. आतली चटई कोरडी पडली, की तिला घोटभर पाणी पाजण्याचीही तजवीज नाही. आमची मोटार तर सिग्नलला माझ्या हुकमाशिवाय बंद पडत नाही, आणि पडलीच, तर आपोआप सुरू होत नाही.

आणि इथे मला कचेरीतले दोन कारकून आठवले. एक दर तासाला पाणी मागे, चहा मागे, कुरकुर करी. पण त्याच्या कपाळावरच्या आठीवरून टेबलावर किती कागद तुंबले आहेत हे लांबून कळे. दुसऱ्याने कधी काही मागितले नाही, कधी रजा टाकली नाही. आणि एके दिवशी तो आलाच नाही, तेव्हा कुठे समजले की त्याच्या टेबलावर काय साठले होते. साधी बॅटरी झाकण उघडून नाडी दाखवते, एजीएम ती दाखवत नाही. ‘देखभाल नको’ याचा अर्थ ‘दुखणे येत नाही’ असा मुळीच नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की दुखणे आले तर आपल्याला कळवले जाणार नाही. मी कुरकुऱ्या कारकुनाच्या बाजूने निकाल दिला. 35 अँपिअर-तासांची साधी बॅटरी, जुनी परत देऊन, ताब्यात घेतली.

मग एका रविवारी रात्री, नऊच्या सुमारास, गॅरंटी कार्डावरच्या बारीक अक्षरांतल्या शर्ती शांतपणे वाचाव्यात म्हणून मी मोटारीत जाऊन बसलो. छतावरचा दिवा लावला, नऊच्या नऊ कलमे वाचली, समाधानाने दार लावले आणि घरात आलो. गुरुवारी सकाळी नऊ वाजता सेल्फ मारला, तो पुन्हा तोच ‘टक्’.

बॅटरीवाला आला. सहाही झाकणे उघडली गेली. तरंगी सहाही ठिकाणी सारखीच तळाला. ‘बॅटरी ठणठणीत आहे, काका. नुसती उतरलीय,’ तो म्हणाला, आणि हात आत घालून त्याने छतावरच्या दिव्याची कळ बंद केली. मी तत्काळ हिशेब मांडला: दिवा 5 वॅटचा, म्हणजे प्रवाह अर्ध्या अँपिअरहूनही थोडा कमी, रविवार रात्र ते गुरुवार सकाळ तास 84, एकूण खर्च 35 अँपिअर-तास. ताळा पैपर्यंत जुळला. माझ्या उभ्या नोकरीत इतका चोख हिशेब कधी लागला नव्हता, आणि मी तो आनंदाने सौभाग्यवतींना वाचून दाखवला.

‘अहो,’ त्या म्हणाल्या, ‘दुप्पट किमतीची आणली असती, तरी दिवा विझवायला विसरणारा माणूस तोच राहिला असता.’

हा अभिप्राय मी शब्दशः उतरवून घेतला, खाली तारीख घातली आणि मिसल दप्तरी दाखल केली.