'स्टेटमेंट डाउनलोड करा' या बटणास खुले पत्र

प्रति,
मा. 'स्टेटमेंट डाउनलोड करा' साहेब,
नेट बँकिंग, उजवा कोपरा.

विषय : आमचेच व्यवहार आम्हाला कृपापूर्वक परत दिल्याबद्दल आभार.

महोदय,

माजलगावच्या मोंढ्यात कापसाची खरेदी-विक्री करणाऱ्या एका पेढीची वही मी लिहितो. वही म्हणायचं आपलं सवयीनं. लिहिणं सगळं टॅलीत. बटण दाबलं की स्टेटमेंट येतं, ते टॅलीत जातं आणि हिशेब होतो, अशी आमच्या मालकांची समजूत आहे. मधल्या टप्प्यात आपण माझ्यावर जे उपकार करता, ते त्यांना ठाऊक नाहीत. ते कुठंतरी नोंदले जावेत, म्हणून हे पत्र.

पहिला उपकार पीडीएफचा. ती पासवर्डशिवाय उघडत नाही, हे उत्तमच. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. आमच्या मालकांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावलेली, १ जून. शेजारच्या चार दुकानांच्या मालकांचीही तीच. तेव्हा गुप्ततेबाबत आपण निश्चिंत असावं.

आत गेल्यावर दर पानावर आपला लोगो, दर पानावर मथळा आणि एका व्यवहाराचा तपशील तीन ओळींत मोडलेला. एक्सेलमध्ये घेतलं की एका व्यवहाराचे तीन होतात. त्यातल्या दोघांना रक्कम नसते. ज्याला पैसे दिले त्याचं नाव आपण मधेच छाटता. 'बाळासा' एवढंच उरतं. आमच्या यादीत बाळासाहेब पैशाला पासरी. यातल्या कुणाच्या नावे रक्कम टाकायची, हे मी अंतर्ज्ञानानं ठरवतो. आपल्या लेखी जे जमा ते आमच्या वहीत नावे, ही उलटापालट मात्र मला मान्य आहे; ती शास्त्राला धरून आहे.

मग आपण उदार होऊन सीएसव्ही देता. तिच्यात तारीख असते ०५/११/२०२४. आमच्या कॉम्प्युटरला कुणीतरी अमेरिकी वळण लावून ठेवलंय. तो आधी महिना वाचतो. झालं, ५ नोव्हेंबरला दिलेले कापसाचे पैसे ११ मेला जाऊन बसतात. मे महिन्यात आमच्याकडं पऱ्हाट्यासुद्धा उपटून चुलीत गेलेल्या असतात, पण हिशेबात वेचणी जोरात! ३ नोव्हेंबरचा व्यवहार ११ मार्चला, म्हणजे ताळेबंद होऊन गेलेल्या वर्षात. १२ नोव्हेंबरचा ११ डिसेंबरला. १३ पासून पुढच्या तारखा त्याला कळतच नाहीत, म्हणून त्या तशाच राहतात. तेरावा महिना अमेरिकेत नसतो. तो आमच्याकडं असतो, तोही दुष्काळात.

हसण्यावारी नेण्यासारखं यात फारसं काही नाही. शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला की त्यावरचा जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यानंच भरायचा, हा नियम २०१७ पासूनचा. त्यात पैसे दिल्याची तारीखही धरली जाते. तारीख मेमध्ये गेली की तिच्या मागोमाग करही मेमध्ये जातो, आणि खुलासा मात्र मी करायचा.

यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ अंकी. एवढा आकडा पाहिला की एक्सेलची छाती दडपते आणि तो ४.३१०१ई+११ असं काहीतरी दाखवून मोकळा होतो. फाइल तशीच सेव्ह केली की मागचे अंक कायमचे गेले.

साहेब, आपल्या पोटात हे सगळं नीट, रकान्यारकान्यांत असतं, हे आम्हाला कळतं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला बँकेचे व्यवहार सरळ वाचता यावेत म्हणून ओएफएक्स नावाचा नमुना १९९७ मध्येच निघाला. मोठ्या कंपन्यांना बँका 'एमटी ९४०' नमुन्यात उतारे देतात. त्यांच्या घरी कुणी बाळासाहेब शोधत बसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली २०२१ पासून 'अकाउंट अ‍ॅग्रिगेटर' सुरू झाले. आम्ही कर्ज मागायला गेलो आणि संमती दिली, की आमचे हेच व्यवहार कर्ज देणाऱ्याच्या यंत्रात सुबकपणे पोचतात. पण तिथं माहिती मागायचा मान नियामकांच्या छत्राखालच्या संस्थांना. मोंढ्यातल्या मुनीमाला त्या पंगतीत पाट नाही. म्हणजे आम्हाला कर्ज द्यावं की नाही हे ठरवणाऱ्याला तयार ताट, आणि ज्याचा पैसा त्याच्या पेढीला पीडीएफ. या न्यायबुद्धीला माझा दंडवत.

तरी निवेदन लिहायला बसलोच आहे, तर मागण्याही मांडतो :

१. तारखेत महिना अक्षरांत लिहावा. 'नोव्हें' लिहायला शाई लागत नाही.
२. संदर्भ क्रमांक आणि नाव अखंड द्यावं.
३. एका व्यवहाराला एकच ओळ द्यावी. लोगो आम्ही कॅलेंडरवर पाहू.
४. मोठ्या कंपन्यांना जो नमुना देता, तोच चालू खात्याच्या लहान ग्राहकालाही द्यावा.

मागण्या मान्य न झाल्यास कलेक्टर कचेरीसमोर उपोषणाला बसायची आमच्या जिल्ह्यात रीत आहे. पण तूर्त तेवढीही सवड नाही. २० तारखेच्या आत विवरणपत्र भरायचंय आणि मेमधला कापूस अजून नोव्हेंबरात आणायचाय.

आपला आज्ञाधारक,
एक मुनीम,
मोंढा, माजलगाव, जि. बीड