हिमवनातील मृगयासन : एक सांगोपांग मार्गदर्शन

मृगयेविषयी आपल्या वाङ्मयात जे काही लिहिले गेले आहे त्यात रथ आहे, सारथी आहे, तोंडाला फेस आलेले घोडे आहेत, रानाला वेढा घालणारे हाकारे आहेत. परंतु शून्याखाली दहा अंश थंडीत, काळ्या कापडाच्या चौकोनी खोपटात, घडीच्या खुर्चीवर पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत निश्चल बसून राहिलेल्या इसमाचा उल्लेख कोठेही नाही. मृगयेने मेद झडतो, पोट सपाट होते आणि शरीर हलके व उद्योगक्षम बनते, असे जो ‘शाकुंतला’तील सेनापती दुष्यंताला मोठ्या उत्साहाने सांगतो, त्याला नोव्हेंबरात अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या उत्तर द्वीपकल्पात आणून बसवले असते, तर हे मत त्याला दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीपूर्वी मागे घ्यावे लागले असते. तेथे रूढ असलेली मृगया ही धावण्याची नव्हे, बसण्याची विद्या आहे. तिचे शास्त्र आपल्या भाषेत कोणी मांडल्याचे आमच्या पाहण्यात नाही. म्हणून नोकरीनिमित्त डेट्रॉइटच्या आसपास स्थायिक झालेल्या, आणि ‘या वर्षी आमच्या छावणीवर याच’ या कचेरीतील सहकाऱ्याच्या आग्रहाला भिडेखातर होकार देऊन बसलेल्या मराठी गृहस्थांच्या सोयीसाठी ते येथे विस्ताराने देत आहोत. महाराष्ट्रातील वाचकांनी ते केवळ ज्ञानार्जनार्थ वाचावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने येथील चितळ-सांबरांना अभय दिलेले आहे, आणि त्याचा भंग करणाऱ्याची बसण्याची सोय सरकार स्वखर्चाने करते.

प्रथम मुहूर्त. बंदुकीचा हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू होतो आणि 30 नोव्हेंबरला संपतो. वार कोणताही असो, तारीख हलत नाही; आणि त्या दिवशी पुष्कळ गावांतील शाळा बंद ठेवतात, कारण उघडल्या तरी मुले येणार नाहीत आणि मास्तर तर त्याहून येणार नाहीत. सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढ्याच मुदतीत बंदूक चालवण्याची परवानगी आहे. बसण्याला मात्र अशी कोणतीही मुदत नसल्याने जाणकार मंडळी काळोखातच जाऊन बसतात. बर्फाचा पुरवठा लेक सुपीरियर हे सरोवर करते. कॅनडाकडून निघालेला कोरडा, गार वारा त्या अद्याप न गोठलेल्या पाण्यावरून येताना ओलावा उचलतो आणि किनाऱ्याला लागताच सगळा माल उतरवून मोकळा होतो. किवीनॉ नावाच्या टोकावर 1978-79 च्या हिवाळ्यात असा सुमारे 390 इंच बर्फ पडल्याची नोंद आहे. ताजा, भुसभुशीत बर्फ पावलांचा आवाज गिळतो, म्हणून तो उत्तम. एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फावर मात्र पापुद्रा धरतो, आणि त्यावरून चालणारा कितीही सज्जन असला तरी त्याची वर्दी अर्ध्या कोसावर आधीच पोहोचलेली असते.

आता वेष. कायद्याचा हुकूम असा की दिवसाउजेडी बंदूक घेऊन शिकार करणाऱ्याने भडक नारिंगी टोपी अथवा बंडी सर्व कपड्यांच्या वर, चहूबाजूंनी दिसेल अशी घालावी. हा भडकपणा हरणाला दिसत नाही. त्याच्या डोळ्यांत तांबड्या रंगाची जाण जवळजवळ नसल्यामुळे नारिंगी त्याला मळकट वाटतो, आणि निळा मात्र आपल्यापेक्षा स्पष्ट दिसतो. म्हणून जे कपडे ‘शुभ्राहून शुभ्र’ करणाऱ्या साबणाच्या भुकटीत धुतलेले असतात, त्यांत राहून गेलेली चकाकी त्याच्या दृष्टीस आधी पडते. सारांश, नारिंगी रंग हरणासाठी नसून शेजारच्या शिकाऱ्यासाठी आहे. तथापि वर सांगितलेल्या खोपटात, म्हणजे आडोशात, बसलेल्याला तो शेजारीही पाहू शकत नाही, कारण आडोसा बंद असतो. आणि आडोशाच्या आत तर काळे कपडे घालावेत असे शास्त्र आहे, कारण आतले अस्तर काळे असते व त्यापुढे जे काही उजळ हलेल ते खिडकीतून उठून दिसते. तेव्हा अंगात काळा सदरा, हातांत काळे मोजे आणि वर सरकारी नारिंगी बंडी, असा पेहराव करून अंधारात बसावे. कायदा आणि शास्त्र यांचा मान एकाच देहावर राखण्याचा दुसरा मार्ग आम्हास ज्ञात नाही.

आडोसा, ज्याला तिकडे ‘ग्राउंड ब्लाइंड’ म्हणतात, तो कापडाचा व लवचिक काड्यांचा असून पिशवीतून काढताच आपोआप उघडतो. पुन्हा पिशवीत जाण्याविषयी त्याची तितकी तत्परता नसते. नवी वस्तू पाहून हरीण बिचकते, यास्तव तो हंगामापूर्वी काही आठवडे उभारून ठेवावा म्हणजे जनावरांना सवय होते. पण आठवडाभर उभा राहिला की छपरावर ओला बर्फ साचून काड्या वाकतात, खालची झालर जमिनीला गोठून बसते आणि मेखा जमिनीशी एकरूप होतात. म्हणून मालकाने मधून मधून जाऊन छप्पर झाडावे. आणि असे वारंवार जाण्याने तेथे माणसाचा वास राहतो व हरीण बिचकते, हेही ध्यानात ठेवावे. पांढऱ्या शुभ्र रानात काळा चौकोन दुरून दिसू नये म्हणून त्याला सीडर वृक्षाच्या फांद्या टेकवण्याचा प्रघात आहे. सीडरचा पाला हे या हरणांचे हिवाळी पक्वान्न होय. तेव्हा आपला आडोसा खाल्ला जाण्याची शक्यता गृहीत धरून थोड्या फांद्या शिलकीत ठेवाव्यात. आत शिरताच खुर्चीखालचा पाचोळा व बर्फ खरवडून माती उघडी करावी आणि पायांखाली लाकडाची फळी घालावी. खिडक्यांची चेन उजाडण्यापूर्वीच उघडून ठेवावी, कारण गोठलेली चेन उघडताना जो आवाज होतो त्याची तुलना आम्ही करू इच्छित नाही.

वास हा या शास्त्रातील खरा शत्रू. पांढऱ्या शेपटीचे हे हरीण डोळ्यांवर संशय घेते, कानांवर थोडाफार विश्वास ठेवते, पण नाकाचा निवाडा अखेरचा मानते. म्हणून वारा ज्या दिशेस वाहतो तिकडून जनावर येणार नाही अशी जागा निवडावी. या भागातील फिनिश वंशाच्या लोकांत सौना नामक उष्णस्नानाची चाल आहे, ते आदल्या रात्री करावे. सुवासिक साबण वर्ज्य. एवढी शुचिता पाळून झाल्यावर यजमान डब्यात पास्टी बांधून देतात. गोमांस, बटाटे, कांदे व रुटाबागा नावाचा कंद भरलेला हा पदार्थ कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांनी तेथे आणला. आकाराने तो आपल्या करंजीचा आडदांड भाऊ म्हणावा. ज्यांना गोमांस चालत नाही त्यांनी घरूनच थालीपीठ न्यावे, मात्र खिडकी वाऱ्याकडे असल्यास लसणीची चटणी नेऊ नये.

थंडीचा बंदोबस्त करताना पहिले पथ्य हे की चालत जाताना सगळे कपडे अंगावर चढवू नयेत. घाम आला की सुती बनियन तो धरून ठेवते आणि नंतरचे आठ तास त्याची परतफेड करते. म्हणून आतून लोकर घालावी, बाकीचे पाठीवर वाहून न्यावे. मोज्यांवर मोजे चढवून बूट घट्ट करू नयेत. रक्ताला वाव राहिला नाही तर पाय आधी गार पडतात. गॅसची छोटी शेगडी पुष्कळ जण नेतात. ती पेटवल्यावर, आपल्याच श्वासाचे जे दहिवर छपराच्या आतल्या बाजूस गोठलेले असते ते विरघळून मानेवर ठिबकू लागते. हा त्रास सोसण्याजोगा आहे; कार्बन मोनॉक्साइड नव्हे. शेगडीत प्राणवायू कमी होताच विझण्याची कळ असली तरी तिच्या भरवशावर राहू नये, आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात. समोरासमोर खिडक्या उघडल्या की मागच्या उजेडावर आपली आकृती उमटते आणि हरीण निघून जाते, हे खरे. पण अशा वेळी हरणाने जावे, हेच आम्ही पसंत करू. कॉफी बेताने प्यावी. लघुशंकेस बाहेर पडण्यात चेन, बर्फ, वास आणि चार थरांची वस्त्रे अशी चार विघ्ने असल्याने अनुभवी लोक रुंद तोंडाची बाटली जवळ ठेवतात. तिच्यावर खूण करून ठेवावी, एवढे सांगून हा विषय संपवतो.

मनूने राजाला जडणाऱ्या कामज व्यसनांची जी यादी दिली आहे, तिच्या आरंभीच मृगया, द्यूत आणि दिवसाची झोप ही येतात, आणि पुढे परनिंदा, मद्य व व्यर्थ भटकंती. मिशिगनच्या छावणीत ही सहाही एका छपराखाली नांदतात: रात्री यूकर नावाचा पत्त्यांचा डाव, त्यासोबत बिअर, शेजारच्या छावणीची निंदा, सकाळी रानात पायपीट आणि दुपारी आडोशात झोप. शंका असलीच तर मृगयेविषयी. डुलकी येऊ लागली की काडतुसे काढून ठेवावीत.

हरीण येताना दिसत नाही. जेथे क्षणापूर्वी नुसते हेमलॉकचे खोड होते तेथे ते उभे असते. हिवाळ्यात त्याच्या अंगावर राखी, पोकळ केस येतात आणि ते आतली ऊब बाहेर जाऊ देत नाहीत, त्यामुळे त्याच्या पाठीवर पडलेला बर्फ वितळलेलाही नसतो. आणि आपण हातमोज्यांत लोखंडाच्या चुऱ्याच्या गरम पुड्या ठेवून कुडकुडत असतो. ते आडोशाकडे पाहते. मग मान खाली घालून काही खाल्ल्यासारखे करते आणि एकाएकी डोके वर उचलून पुन्हा पाहते. आपण गाफील सापडावे एवढ्याचसाठी हा देखावा असतो. संशय फिटला नाही तर पुढचा एक पाय सावकाश उचलून जमिनीवर आपटते, आणि खुरांमधल्या ग्रंथीतून तेथे धोक्याचा वास ठेवून देते, म्हणजे मागून येणाऱ्यांनाही समजावे. या समयी हृदय कानांत वाजू लागते, चष्म्यावर वाफ धरते आणि सकाळपासून मूग गिळून बसलेली खुर्ची करकरते. हरीण फुत्कारते, पांढरी शेपूट उभारते आणि तीन उड्यांत दिसेनासे होते.

न गेल्यास नेम धरावा. परंतु नेमाची दुर्बीण नळीच्या दीड-दोन इंच वर बसवलेली असल्यामुळे दुर्बिणीतून रान स्वच्छ दिसत असले तरी नळीचे तोंड खिडकीच्या कडेवर रोखलेले असू शकते, आणि त्या दिवसाची एकमेव शिकार आपला आडोसाच ठरतो. गोळी लागल्यास अर्धा तास थांबून बर्फावरील रक्ताच्या व केसांच्या मागाने जावे. जनावर सापडताच परवान्यासोबतची चिठ्ठी काढून तिच्यावर तारीख, नर की मादी, आणि शिंगांची टोके किती यांच्या खाचा पाडाव्यात व ती त्याच्या अंगाला बांधावी. बंदूक उबदार खोलीत एकदम नेऊ नये, पाणी सुटून गंजते. 2022 पासून बहात्तर तासांच्या आत सरकारी खात्याला संगणकावरून वर्दी देणेही सक्तीचे झाले आहे.

ज्यांना काही मिळाले नाही त्यांना कोणतेही विवरणपत्र भरावे लागत नाही. मात्र संध्याकाळी यूकरच्या डावावर जबानी द्यावी लागते. तेथे तीन सबबी ग्राह्य धरल्या जातात. वारा फिरला ही सबब पहिल्या दिवशी वापरावी. आदल्या रात्री चांदणे असल्याने जनावरे रात्रीच चरून गेली, ही दुसऱ्या दिवशी; मात्र त्यापूर्वी आकाश ढगाळ होते की काय याची खातरजमा करून घ्यावी. शेजारच्या जमिनीवर कोणीतरी हिंडून हरणे उठवली, ही तिसरी सबब 30 तारखेपर्यंत राखून ठेवण्यास हरकत नाही, कारण शेजारच्या छावणीतही त्या वेळी तीच, आपल्याविषयी, दिली जात असते.