कॅप्टनकाकांचा निषेध

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळात त्यांना सगळे कॅप्टनकाका म्हणतात. लष्कर, नौदल किंवा क्रिकेट यांच्याशी काकांचा काडीचाही संबंध नाही. जन्मभर त्यांनी टेलिफोन कंपनीत नोकरी केली. पण गाडी सुरू करताना दोन बोटं ऐटीत पुढे केल्याशिवाय त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर पडत नाही, आणि पाया पडायला आलेल्या मुलांना ते बोटांत मधोमध फट पाडून वल्कन पद्धतीनं आशीर्वाद देतात. नव्या सुना पहिल्यांदा जरा बिचकतात. मग काकू हळूच सांगतात, "घाबरू नकोस गं, स्टार ट्रेकमधलं आहे ते."

२०१७ साली 'डिस्कव्हरी' ही नवी मालिका आली आणि ट्रेक संपलं, हे काकांचं जाहीर मत आहे. या संपलेल्या ट्रेकचा एकही भाग त्यांनी आजवर चुकवलेला नाही. नवीन भाग येतो गुरुवारी. इतरांचा गुरुवार दत्ताचा, काकांचा निषेधाचा. पॅरामाउंट प्लसची वर्गणी ते बारा महिने भरतात. एकदा मी विचारलं, "काका, एवढा राग आहे तर बंद का करत नाही?" तर म्हणाले, "न बघता नावं ठेवायला मी काय समीक्षक आहे?"

पन्नास मिनिटांचा भाग बघायला काकांना दोन तास लागतात, कारण दर दोन मिनिटांनी पॉजचं बटण दाबून ते हरकत नोंदवतात. पहिली हरकत अंधाराची. "एवढं तेविसावं शतक, आणि ब्रिजवर एक ट्यूबलाइट लावता येत नाही?" दुसरी रडण्याची. कॅप्टन रडते, अधिकारी रडतात, चौथ्या सीझनमध्ये तर जहाजाचा संगणकसुद्धा भावनाविवश होतो. तिसरी हरकत इंजिनाची. डिस्कव्हरी जहाज अंतराळात पसरलेल्या बुरशीच्या जाळ्यावरून क्षणात इकडून तिकडे जातं. "अळंबी!" काका ओरडतात. "मी इंजिनियर आहे, मला अळंबी दाखवतात!" मूळ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचं जहाज अँटीमॅटर आणि डायलिथियमच्या स्फटिकांवर चालायचं. ते मात्र विज्ञान. डायलिथियमची खाण नेमकी कुठे आहे हे विचारायचं नसतं.

त्यांचा सगळ्यात दुखरा विषय म्हणजे क्लिंगॉन या परग्रहवासी जमातीची कपाळं. डिस्कव्हरीच्या पहिल्या सीझनमध्ये क्लिंगॉनांचे केस गेले, डोकी लांबुळकी झाली आणि काका तीन दिवस नीट जेवले नाहीत. "परंपरा म्हणून काही आहे की नाही?" परंपरा बघायला गेलं तर १९६६ ते ६९ च्या मूळ मालिकेतल्या क्लिंगॉनांची कपाळं तुमच्या-आमच्यासारखी सपाट होती. तोंडाला रंग, वर मिशा, झाला क्लिंगॉन. कपाळावरचे उंचवटे आले १९७९ च्या पहिल्या चित्रपटात, हातात पैसे आल्यावर. १९९६ साली 'डीप स्पेस नाइन'मध्ये वॉर्फ या क्लिंगॉनाला मित्रांनी याबद्दल विचारलं, तेव्हा परक्यांशी आम्ही हा विषय बोलत नाही म्हणून त्यानं तो उडवून लावला. पुढे २००५ साली 'एंटरप्राइज'नं दोन भाग खर्ची घालून त्यावर विषाणूचा खुलासा दिला. तेव्हा काका या खुलाशाला पोरखेळ म्हणाले होते. हल्ली त्याच खुलाशाला ते 'शास्त्रीय आधार' म्हणतात.

मूळ मालिकेतल्या अर्ध्या वल्कन स्पॉकच्या बहिणीवरून तर आमचा एकदा रीतसर खटला चालला. डिस्कव्हरीची नायिका मायकल बर्नम ही स्पॉकची मानलेली बहीण निघाली. जिचा पन्नास वर्षांत कधी उल्लेख नाही, ती बहीण आली कुठून, असं काकांचं म्हणणं. मी विचारलं, "काका, १९६७ साली स्पॉकचे वडील जहाजावर आले, तेव्हा कर्कला तरी कुठे माहीत होतं ते कोण आहेत ते?"

"तो वल्कन संकोच आहे."

"आणि १९८९ च्या पाचव्या चित्रपटात अचानक सावत्र भाऊ उगवला तो?"

"त्या पिक्चरचं नाव माझ्या घरात काढायचं नाही."

थोडक्यात, घराणंच असं आहे, नातेवाइकांबद्दल बोलत नाही. पण काकांपुढे पुरावा चालत नाही. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'नं २०२३ साली एक अख्खा भाग गाण्यांचा केला आणि त्यात क्लिंगॉनसुद्धा गाऊन नाचले. काकांनी टीव्हीकडे पाठ केली. मात्र कान टीव्हीकडेच होते, कारण कुठलं गाणं किती वाईट हे त्यांना क्रमानं सांगता येत होतं. मूळ मालिकेत उहुरा गायची, स्पॉक तंतुवाद्याची साथ करायचा, १९६९ च्या एका भागात तर अंतराळातल्या हिप्पींनी मैफलच लावली होती, याची आठवण दिल्यावर काका म्हणाले, "ती प्रसंगाची गरज होती." त्याच वर्षी अब्राहम लिंकन भर अंतराळात खुर्चीत बसून आला होता. तीही बहुधा प्रसंगाचीच गरज असावी.

"आता नुसतं राजकारण घुसडतात" ही तक्रारही नेहमीची. १९६८ साली गोरा कर्क आणि कृष्णवर्णीय उहुरा यांचं चुंबन अमेरिकेच्या टीव्हीवर दाखवणं काय होतं, किंवा अर्धा चेहरा काळा आणि अर्धा पांढरा असलेली माणसं डावं-उजवं यावरून एकमेकांच्या जिवावर उठतात तो भाग काय होता, हे मी विचारून बघितलं. काका क्षणभर थांबले. म्हणाले, "तेव्हा राजकारण रंग लावून यायचं. आता बिनरंगाचं येतं." उत्तर इतकं बरं होतं की मी पुढचा प्रश्न गिळला.

आता या माणसाचा पूर्वेतिहास. १९८७ साली 'नेक्स्ट जनरेशन' आली तेव्हा "टकला कॅप्टन चालणार नाही" असं म्हणणाऱ्यांत काका आघाडीवर होते. आज त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर एक केस नाही आणि तोच कॅप्टन पिकार्ड म्हणजे साक्षात विवेक. गाडी सुरू करतानाची ती बोटं पिकार्डचीच. १९९३ साली डीप स्पेस नाइन आली, तेव्हा "ट्रेक म्हणजे प्रवास, हे कसलं एका जागी बसून राहणं?" आज म्हणतात, युद्धाचं इतकं सखोल चित्रण परत होणे नाही. १९९५ च्या 'व्हॉयेजर'मध्ये एका भागात कॅप्टन आणि चालक यांचे अक्षरशः सरडे झाले, तरी ती आज त्यांच्या लेखी 'कौटुंबिक' आहे. २००१ च्या एंटरप्राइजचं शीर्षकगीत लागलं की ते आवाज बंद करायचे. परवा गाडीत तेच गुणगुणत होते.

नियम असा, की मालिका चालू असेतो तिची लायकी शून्य. ती बंद पडून थोडी वर्षं गेली की काका तिला मरणोत्तर मान्यता देतात. डिस्कव्हरी २०२४ साली संपली. त्या वर्षीच्या दिवाळीत फराळ करताना काकांच्या तोंडून निसटलं, "तसा तो सारूचं काम करणारा नट चांगला होता हो." काकूंनी माझ्याकडे बघितलं. आणखी पाचेक वर्षांत अळंबीलाही शास्त्रीय आधार मिळणार, हे आम्ही दोघांनी ओळखलं.

यात ढोंग नाही. काका १९७९ साली एम.एस. करायला इथे आले, म्हणजे मूळ मालिका रद्द होऊन दहा वर्षं झाल्यावर. त्यांनी पाहिली ती पुनःप्रक्षेपणं. वसतिगृहातला सामायिक टीव्ही, बाहेर गुडघाभर बर्फ, मेसमध्ये शाकाहारी म्हणून उकडलेला बटाटा, आणि पडद्यावर एका जहाजावर जपानी, रशियन, आफ्रिकन, अर्धा वल्कन अशी मंडळी. तिथे कोणी कोणाला व्हिसा विचारत नव्हतं. पुढच्या कुठल्याही मालिकेनं काकांना ती संध्याकाळ परत दिली नाही, आणि तो त्यांनी प्रत्येक मालिकेचा दोष धरला.

परवा मात्र काकांना त्यांच्या तोडीचं कोणीतरी भेटलं. दहा वर्षांचा नातू सुट्टीसाठी आला होता. त्यानं घरी आईबरोबर कॅप्टन पाइकची स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स बघितलेली, बाकी काही नाही. काकांनी ठरवलं, पोराला मूळ स्रोत दाखवायचा. लावला 'द केज', म्हणजे एनबीसीनं नाकारलेला अगदी पहिला नमुना भाग. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं.

दुसऱ्याच मिनिटाला नातवानं रिमोट उचलला आणि पॉज केलं.

"आजोबा, हा पाइक नाही. पाइकचे केस कुठे आहेत?"

"हाच पाइक. खरा."

पुढे परक्या ग्रहावर निळ्या पानांचं झुडूप थरथरत गाऊ लागलं आणि स्पॉक चक्क खुदकन हसला. 'द केज'मध्ये तो हसतो, हे खरं आहे. पुन्हा पॉज.

"स्पॉक असा दात काढून हसत नाही! आणि सेट पुठ्ठ्याचा आहे. यांनी सगळंच बदलून टाकलंय."

काकांनी खुलाशासाठी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. आयुष्यात प्रथमच त्यांनी ट्रेकवरची तक्रार पूर्ण ऐकून घेतली.

"हे कोणी बनवलंय?" नातवानं विचारलं.

"जीन रॉडनबेरीनं. १९६४ साली."

नातवानं मान हलवली. "त्याला आधी कोणीतरी ओरिजिनल दाखवायला हवं होतं."