सहा ग्रॅमचा शिंपी, दोन किलोंची लेन्स

शिंपी पक्ष्याचं वजन जेमतेम ६ ते १० ग्रॅम. त्याला टिपायला भिवंडीतले हौशी ६०० मिलिमीटरची, २ किलोंची लेन्स रोखतात. पक्षी बिचारा कापसाच्या तंतूंनी पानं शिवतो. यंत्रमागांच्या गावात सूत फुकट आणि वीजबिलाची कटकटही नाही. अडचण एकच. एवढ्या लेन्सला फोकससाठी दोन-तीन मीटर अंतर लागतं, आणि तेवढं परस उरलंय कुणाकडे? मागे सरकावं तर पाठ शेजाऱ्याच्या भिंतीला. भातखाचरं बुजवून गोदामं उठली, कुंपणाची झुडपं गेली. त्याच गोदामांतून लेन्स मात्र घरपोच येते. आता शिंपीही तिथूनच मागवावा. फोटो हलला, तर परत पाठवायची सोय!