श्वास घ्या, वर जा

परस्परसंवादी कलेच्या सुरुवातीच्या प्रदर्शनांत प्रेक्षकाला आयतं काही मिळत नसे. जेफ्री शॉ यांच्या १९८९च्या ‘लेजिबल सिटी’त आधी सायकलवर बसायचं. सायकल जागची हलत नाही. पॅडल मारलं की पडद्यावर मॅनहॅटनचे रस्ते सरकतात आणि इमारतींच्या जागी घराएवढी अक्षरं उभी असतात. वाचायचंय ना, मग दामटा. हँडल जरा वळलं की टॅक्सीवाल्याच्या स्वगतातून माणूस थेट डोनाल्ड ट्रम्प यांच्या कल्पित स्वगतात घुसतो. (काही मराठी समीक्षा वाचताना असं सायकलशिवायही होतं.)

शार डेव्हिस यांचं ‘ऑस्मोस’ १९९५ साली माँट्रियलच्या संग्रहालयात लागलं, तिथे तर पायांनाही काम नाही. डोक्यावर जड शिरस्त्राण, छातीला पट्टा. श्वास घेतला की आभासी जगात वर, सोडला की खाली. झुकाल तिकडे सरकाल. आत काय? एक झाड, तळं, मातीखालची मुळं, सगळं अर्धपारदर्शक. त्यासाठी सिलिकॉन ग्राफिक्सचा कपाटाएवढा महागडा संगणक राबत होता. झाड बघायला!

एका वेळी आत एकच माणूस. बाकीच्यांनी पडद्यावर त्याची सावली बघायची. सावली हात पसरते, गुडघ्यात वाकते, मान वर करून तरंगत राहते. रांगेतले गृहस्थ घड्याळ बघतात आणि मनात म्हणतात, अहो, सोडा की आता तो श्वास!