दंत्य वर्णांची पडझड

रिद्धपुरात घराबाहेर पाऊल टाकलं की 'दंडवत प्रणाम' म्हणावंच लागतं. महानुभावांची ही काशी. समोरचा पंथाचा असो वा नसो, दंडवताला उत्तर दंडवतानंच. 'दंडवत' या शब्दाचा पहिला आणि शेवटचा वर्ण व्याकरणानं दातांच्या हवाली केलाय, हे मी वर्गात जन्मभर शिकवलं. त्याचा खरा अर्थ कळला तो एका रोडग्यामुळे.

रोडगा गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात. माझ्या वाट्याचा जरा जास्तच भाजला होता की माझा दातच जुना होता, यावर पंगतीत दोन तट पडले. वरच्या समोरच्या दाताचा ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढा कोपरा उडाला आणि वांग्याच्या भाजीबरोबर पोटात गेला. 'स' शिट्टी घालू लागला, 'द'मधून वारा सुटला. महानुभावांनी आपले ग्रंथ अक्षरांची अदलाबदल करून सकळ लिपीत झाकून ठेवले. ते उलगडायला इतिहाससंशोधक राजवाडे यावे लागले. माझं बोलणं उलगडायला घरी बायको होती. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' जिथं रचलं, आता मराठी भाषा विद्यापीठही जिथं आलंय, त्या गावात मराठीच्या निवृत्त मास्तरानं 'सरस्वती' म्हणावं आणि समोरच्यानं गाल पुसावा! २०२४च्या ऑक्टोबरात मराठी अभिजात झाली. मी मात्र मिशा वाढवायला घेतल्या.

सल्ल्यांना तोटा नव्हता. सुतार म्हणाला, "कानस मारून घ्या गुरुजी, कोरच त लावाची हाय." कपाटं रंगवणारा म्हणाला, "पत्रा आधी खरवडा लागते, मंग रंग धरते. दाताचंबी तसंच असन." बायकोनं तर मुळावरच घाव घातला, "तुम्ही हासता तरी कधी, का कोनाले दात दिसन?"

शेवटी अमरावती गाठली. डॉक्टरीणबाईंनी आधी तुकडा मागितला. तो दुधात किंवा पाण्यात ओला ठेवून आणला असता, तर कदाचित तोच परत चिकटवता आला असता म्हणे. तो कुठं आहे हे सांगितल्यावर त्यांनी पुढचा आग्रह धरला नाही. दाताचं वरचं कवच शरीरातला सर्वांत टणक पदार्थ. पण ते घडवणाऱ्या पेशी दात उगवताना संपून जातात, त्यामुळे ते पुन्हा भरून येत नाही. आत नसेला धक्का लागला असता तर रूट कॅनल आलं असतं. तेवढं वाचलं.

मग पर्याय. पहिला, कड घासून गुळगुळीत करणं. म्हणजे सुताराची कानस! पण त्यानं शिट्टी थांबेलच असं नव्हतं. दुसरा, आम्लानं दात किंचित खरबरीत करून त्यावर कंपोझिटचे थर द्यायचे आणि निळ्या प्रकाशानं ते घट्ट करायचे. १९५५ साली बुओनोकोर नावाच्या अमेरिकन दंतवैद्याला यातली आम्लाची युक्ती सुचली. धातूवर रंग धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरत, ते त्यानं दाताला लावून पाहिलं. आमच्या रंगाऱ्याला हे अजून सांगितलेलं नाही, मजुरी वाढवेल. तिसरा पर्याय व्हिनिअर, चिनीमातीचा पातळ पापुद्रा. १९२८च्या सुमारास हॉलिवूडच्या नटांना असे पापुद्रे तात्पुरते लावत, शूटिंग संपलं की काढून ठेवत. आता पक्के बसवतात, पण त्यासाठी सहसा चांगल्या दाताचाही थर घासावा लागतो, आणि घासलेलं परत येत नाही. चौथी कॅप, तिच्यासाठी चारही बाजूंनी दात कोरायचा. एवढ्याशा कोपऱ्यासाठी अख्खा दात कोरणं मला पटेना.

कंपोझिट ठरलं. मग रंगाची पट्टी दाताशी धरली गेली. मी पांढऱ्याशुभ्र टोकाकडे बोट दाखवलं, बाईंचं बोट चहाच्या वाटेनं जाऊन 'ए-थ्री'वर थांबलं. "शेजारचे दात आहेत ना तुमचे," त्या म्हणाल्या. अर्ध्या-पाऊण तासात काम झालं. हे कायमचं नाही, काही वर्षांनी डागडुजी लागेल; समोरच्या दातांनी ऊस सोलायचा नाही, दोरा तोडायचा नाही आणि रोडगा हातानं फोडायचा.

रंग असा बेमालूम जुळला, की गावात कुणाच्या लक्षातच येईना. पैसे मोजलेली वस्तू कुणी पाहू नये, हे सहन होत नाही. मिशा कापल्या, येईल त्याच्यापुढे तोंडभर हसू लागलो. तिसऱ्या दिवशी बायकोनं दार लावून घेत विचारलं, "अवो, लोक मले पुसून रायले, गुरुजीची तब्येत बरी हाय ना?"